पाले गावचे लेणे आणि पाण्याची पोढी



चातुर्मास जवळ आला की आपल्या घरांत ठरलेली चर्चा सुरू होते. यंदा कोणते महाराजसाहेब, कोणत्या स्थानकात, गोचरीचे कसे, पाण्याचे कसे? यंदा त्या आधी मी मावळातले एक फार जुने ठिकाण पाहून आले. आमच्या नेऱ्याहून ते लांब नाही. कामशेतजवळ पाले नावाचे गाव आहे आणि तिथल्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. त्यातला शिलालेख महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या जैन लेखांपैकी मानला जातो.

मावळ म्हटले की कार्ले, भाजे, बेडसे आठवतात. ती बौद्ध लेणी. कोकणातल्या बंदरांवरून घाटमाथ्यावर येणाऱ्या व्यापारी वाटांच्या आसपास ती कोरली गेली. व्यापाऱ्यांचे तांडे ज्या वाटांनी जात, त्याच वाटांनी श्रमणही चालत. पावसाळ्यात मात्र चालणे बंद. पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून चार महिने एका जागी थांबायचे. मावळचा पाऊस आपल्याला माहीत आहेच! अशा पावसात डोंगरातली कोरडी खोली म्हणजे त्या काळचे स्थानकच.

लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. एका बाईने ब्राह्मी वाचण्यात आयुष्य घालवले, याचा मला फार अभिमान वाटतो. अक्षरांच्या वळणावरून लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला, म्हणजे सुमारे 2000 वर्षांचा ठरतो. त्याची सुरुवात होते 'नमो अरहंतानं' अशी. पुढे सांगितले आहे की भदंत इंदरखिताने हे लेणे आणि पोढी करविली. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. अरहंत हा शब्द बौद्धही वापरत, पण आरंभीच्या या वंदनेमुळे अभ्यासकांनी लेख जैन मानला.

रात्रीचा मुक्काम तळेगावला जाऊबाईंकडे होता. सूर्यास्ताआधी जेवणे आटोपली आणि विषय निघाला. लेखात नवकाराचे एकच पद आहे. ओडिशात भुवनेश्वरजवळ उदयगिरीच्या हाथीगुंफेत राजा खारवेलाच्या लेखात दोन वंदना आहेत, अरहंतांना आणि सर्व सिद्धांना. पाच पदांचा पाठ पुढच्या काळात स्थिर झाला, असे काही अभ्यासक मानतात. जाऊबाईंना ते रुचले नाही. "नवकार अनादि आहे. दगडावर जेवढे मावले तेवढे लिहिले असेल," त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही. श्रद्धा मंत्राच्या अर्थावर असते. दगड एवढेच सांगतो की हे पद तेव्हा या डोंगरात म्हटले जात होते. मला तेवढे पुष्कळ आहे. त्या पदाला ना श्वेतांबर म्हणता येते, ना दिगंबर.

मी कॉमर्सची. त्यामुळे माझे मन दुसऱ्याच गोष्टीत अडकले. भदंत म्हणजे साधू. साधूजवळ पैसा नसतो. मग पाथरवटांची मजुरी कोणी दिली? त्यांच्या घरी धान्य कोणी पोचवले? हिशेबाच्या वहीत नावे बाजू असेल तर जमा बाजूही असलीच पाहिजे. इथे खर्च दगडात दिसतो, जमा कोणाची ते लिहिलेले नाही. कार्ल्याला तसे नाही. तिथले शैलगृह वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने पूर्ण केल्याचे कोरले आहे आणि खांबांवर दात्यांची नावे आहेत. वेरूळच्या डोंगरावर शके 1156 मध्ये, म्हणजे इसवी सन 1235 च्या सुमारास, चक्रेश्वर नावाच्या श्रावकाने पार्श्वनाथांची भव्य मूर्ती करविली. तिथल्या लेखात त्याच्या आईचेही नाव आहे, स्वर्णा. पाल्यात मात्र देणाऱ्या घरांतले एकही नाव नाही. मला वाटते, तीच आपल्या घरची खरी रीत. गोचरी वाढताना आपण कुठे पावती मागतो?

आणि पोढी! इंदरखिताने लेण्याबरोबर पाण्याचीही सोय केली आणि तेही लिहून ठेवले. नुसत्या छपराने राहणे होत नाही, पाणी लागतेच. आपल्या सासवा धोवणाचे, उकळलेले पाणी वेळेवर तयार ठेवत आल्या, ती हीच पोढी.

आता आमच्या नेऱ्याकडे पाहा. हिंजवडीपासून इकडे इमारतींमागून इमारती उभ्या राहत आहेत. त्यांत जिम आहे, पोहण्याचा तलाव आहे. पण विहारात चाललेल्या महासतीजींना एक रात्र टेकायला जागा विचारा, तर शोधाशोध करावी लागते. मग रस्त्याच्या कडेने, भरधाव गाड्यांच्या शेजारून त्यांना पुढे चालावे लागते.

डोंगर कोरायला आपल्याला कोणी सांगत नाही. आपल्या सोसायटीतली तळमजल्यावरची एखादी खोली विहारासाठी मिळेल का, एवढे चातुर्मासाआधी विचारून ठेवा. चातुर्मास उठला की विहार सुरू होतात, तेव्हा ती लागेल. पाण्याचे पातेले कोणत्या घरी उकळेल तेही ठरवा. नाव लिहायची गरज नाही.