शरीफ आणि सराफ

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आकड्यांत चूक झाली की मला रात्रभर झोप लागत नाही. अक्षरांत झाली तर उत्तम लागते. माझा हा भेदभाव एका आजोबांनी मोडून काढला.

तेव्हा माझी बदली नगरला झालेली होती. म्हणजे अहमदनगरला, 2024 साली त्याचं अहिल्यानगर झालं. पासबुक छापायचं यंत्र नेहमीप्रमाणे रजेवर होतं. म्हणून एका लहानग्याच्या नव्या खात्याचं पासबुक मी हातानं लिहिलं आणि त्याच्या आजोबांपुढे सरकवलं. त्यांनी चष्मा लावला, नाव वाचलं आणि म्हणाले, "साहेब, आमच्या नातवाला एकदम सोन्याच्या दुकानात बसवलंत की!"

'शरीफ'च्या जागी मी 'सराफ' लिहिलं होतं.

"दीड अक्षराचा तर फरक आहे, चाचा," मी सारवासारव केली.

"फरक तेवढा बघून ठेवा. इथल्या शाह शरीफच्या दर्ग्यावर नवस बोललो होतो, त्यांचं नाव आहे हे. आपल्या शहाजीराजांच्या वडिलांनीही तिथंच मागणं मागितलं होतं."

'उद्या नवं पासबुक देतो' असं सांगून मी सुटका करून घेतली. पण रात्री झोप लागेना. शेवटी उठून शब्दकोश काढला.

दोन्ही शब्द अरबी निघाले, पण नात्यात नाहीत. सराफ 'स-र-फ' या धातूचा, आणि तो 'स'ही जाड उच्चाराचा. सराफ म्हणजे नाणी बदलून देणारा. याच घराण्यातला 'मसरिफ' हा शब्द अरबीत बँकेसाठी वापरतात. थोडक्यात, मी त्या पोराला माझं आडनाव लावून टाकलं होतं!

शरीफ 'श-र-फ'चा. मूळ अर्थ उंची. गच्चीला, गॅलरीला अरबीत 'शुर्फा' म्हणतात. उंचावर उभं राहून देखरेख करणारा तो 'मुश्रीफ'. आपल्याकडे त्याचं आडनाव झालं. 'अधिक शरीफ' तो 'अशरफ'. अशरफ ही पदवी लावणाऱ्या बार्सबाय या इजिप्तच्या सुलतानानं 1425 साली सोन्याचं नाणं पाडलं, ती 'अशरफी'. आणि 'तशरीफ' म्हणजे मान देणं. तो मान पुढे हिंदीत खुर्चीवर टेकवायच्या अवयवापर्यंत कसा घसरला, हे सज्जनांनी विचारू नये.

माणसाला लावल्यावर उंचीचा अर्थ झाला कुलीन. इस्लामपूर्व अरबस्तानात मोठ्या कुळातला माणूस शरीफ. पुढे पैगंबरांच्या वंशजांना, विशेषतः हसनच्या शाखेला, ही पदवी लागली. मक्केचा कारभार शतकानुशतके अशा शरीफांकडे होता. 1916 साली तुर्कांविरुद्ध उठाव करणारा हुसेन त्यांपैकीच. आपल्याकडे येईतो कुळ गळालं आणि वागणूक उरली. आता तर कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेला तो शरीफ. म्हणजे साहेबांसमोरचा मी.

आणि चाचांचं म्हणणं? परंपरा तेच सांगते. मालोजीराजे भोसल्यांना मूल नव्हतं. शाह शरीफांना साकडं घातल्यावर दोन मुलगे झाले, म्हणून एकाचं नाव शहाजी, दुसऱ्याचं शरीफजी. 'शाह' फारसी, 'शरीफ' अरबी, आणि दोघांच्या मागचा 'जी' आपल्या घरचा. शहाजीराजे शिवरायांचे वडील झाले. शरीफजी 1624 साली भातवडीच्या लढाईत पडले. तिथे निजामशाहीच्या मलिक अंबरनं मोगल आणि आदिलशाही फौजांना हरवलं; शरीफजी त्याच्याच बाजूनं लढत होते. म्हणजे कुळाच्या उंचीवर न थांबता ते रणात उतरले. नाव कुणाच्या घरून आलं, हे मालोजीरावांनी विचारलं नाही. ते पुढे मुलानं कसं चालवलं, एवढंच इतिहासानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. मी कोरं पासबुक घेतलं, जपून नाव लिहिलं आणि मोठ्या दिमाखात पुढे केलं. चाचांनी चष्मा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

डोक्यात रात्रभर इतिहास घोळत होता, त्यामुळे मी 'शरीफजी' लिहून बसलो होतो.

"आणा इकडे, खोडतो," मी ओशाळून म्हणालो.

"खोडा, साहेब. हिशेबात जास्तीचं नको," चाचा हसत म्हणाले. "तो 'जी' त्याचा त्यानं मोठेपणी मिळवावा."

मी 'जी' खोडला आणि नियमाप्रमाणे खाडाखोडीवर सही केली.