पोकलेनची साक्ष

रस्त्याकडेला माती उपसणाऱ्या पिवळ्या अजस्र यंत्रास आमच्याकडे खेड्यांतलें शेंबडें पोरही 'पोकलेन' म्हणून ओळखतें. परंतु हें नांव एका फ्रेंच कारखान्याचें आहे, हें त्या यंत्राच्या मालकासही बहुधा ठाऊक नसतें. जॉर्ज बाताय यानें इ. स. १९२७ त स्थापिलेल्या पोक्लँ कंपनीनें १९५१ सालीं तेलाच्या दाबावर चालणारें आपलें पहिलें खोदयंत्र बाहेर काढलें. तिचा खोदयंत्रांचा धंदा पुढें अमेरिकेच्या केस कंपनीकडे गेला. पण नांव आमच्या मातींत असें रुजलें कीं, आतां जपानी यंत्रही पोकलेनच. कोणत्याही वनस्पति तुपास डालडा म्हणणाऱ्या आम्हां लोकांस यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं.

ह्या यंत्राची वंशावळ मात्र याहून जुनी आहे. अमेरिकेंत विल्यम ओटिस नांवाच्या तरुणास वाफेच्या फावड्याचें पेटंट १८३९ सालीं मिळालें, आणि त्याच सालीं वयाच्या २६ व्या वर्षीं तो वारला. पनामाचा कालवा खणला तो वाफेच्या फावड्यांनींच. १९०६ च्या नोव्हेंबरांत अध्यक्ष रूझवेल्ट तेथें गेले असतां अशाच एका ९५ टनी धुडावर चढून बसले, तें छायाचित्र प्रसिद्धच आहे. त्या काळीं यंत्राचें दुखणें उघडें असे. साखळी तुटली तर दिसे, वाफ गळूं लागली तर ऐकूं येई. तेलाच्या दाबाचीं यंत्रें आलीं तेव्हांही जाणता मिस्त्री पंपाच्या आवाजावरून व नळीस हात लावून निदान करी. वैद्य नाडी पाहतो तसें.

यंत्रास वाचा फुटली ती अलीकडची. एकाच वाहनांतील निरनिराळ्या संगणकांस दोन तारांवरून एकमेकांशीं बोलतां यावें, अशी 'कॅन' नामक पद्धति जर्मनीच्या बॉश कंपनीनें १९८६ च्या फेब्रुवारींत डेट्रॉइट येथें जाहीर केली. पुढें १९९६ पासून अमेरिकेंत रस्त्याबाहेरच्या डिझेल इंजिनांच्या धुरावर निर्बंध आले आणि ते उत्तरोत्तर कडक होत गेले. इंधन किती आणि कोणत्या क्षणीं सोडावें, हें अखेर संगणकाकडे सोंपवावें लागलें, व त्यास बातमी पुरविण्यासाठीं इंजिनावर जागोजागीं सेन्सर बसले. बातमी बिघडली कीं संगणक पडद्यावर एक आंकडा दाखवितो. मिस्त्री मंडळी त्यास एरर कोड म्हणतात. आम्ही दोषांक म्हणूं.

कांहीं कारखानदारांची परिभाषा स्वतंत्र आहे. पण जे-१९३९ नांवाचें जें प्रमाण बहुमान्य झालें आहे, त्यांत दोषांकाचे मुख्य भाग दोन. तक्रार कशाविषयीं, हा पहिला. तक्रार कोणत्या प्रकारची, हा दुसरा. इंजिनांतील तेलाच्या दाबाचा अंक १००. त्यापुढें १ असेल तर दाब खरोखरच फार उतरला आहे, असें संगणकाचें म्हणणें. ४ असेल तर सेन्सरकडून येणारें व्होल्टेज अवाजवी कमी आहे. म्हणजे तेलाचा दाब किती हें त्यास कळेनासेंच झालें आहे. एक ओरडतो 'घर पेटलें', दुसरा म्हणतो 'मला दिसत नाहीं'. मालकाच्या छातींत धडकी मात्र दोन्ही वेळां सारखीच भरते.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें वडिलोपार्जित शेताचा तुकडा विकून ९,००० तास चाललेलें एक पोकलेन घेतलें. तिसऱ्या आठवड्यांत पडद्यावर १००-४ उमटलें. पहिल्या मिस्त्रीनें १०० वाचले, ४ वाचले नाहींत, आणि इंजिन उतरवून बेअरिंगें बदलण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आंकडा ऐकून पोरगा आमच्याकडे आला तो सल्ल्यासाठीं नव्हे, उसनवारीसाठीं. आम्हांस इंजिनांतलें ओ कीं ठो कळत नाहीं; परंतु साक्षीदार कसा तपासावा हें शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं आहेत. राजवाड्यांनीं १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढला तेव्हांपासून, बखरकाराचें विधान अस्सल पत्रांशीं ताडून पाहिल्यावांचून स्वीकारूं नये, हा दंडक आम्हां अभ्यासकांस पाठ आहे. दोषांक हें विधान झालें. अस्सल कागद कोठें आहे, एवढेंच आम्हीं त्यास विचारलें.

तो कागद दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीनें काढून दाखविला. त्यानें किल्ली फिरविली, इंजिन मात्र सुरू केलें नाहीं, आणि सेन्सरचा कनेक्टर सोडविला. अनेक इंजिनांत सेन्सरच आंतून बिघडला असेल तर तो सुटतांच ४ चा ३ होतो. रिकामी तार वरच्या व्होल्टेजकडे ओढली जाते म्हणून. येथें ४ चे ४ च राहिले. अर्थात् संशय सेन्सरवरून तारेवर गेला. मग सेन्सर काढून त्या जागीं त्यानें साधें कांट्याचें गेज बसविलें व इंजिन चालू केलें. दाब उत्तम होता. तासाभरानें एका क्लॅम्पखालीं आवरण घासून गेलेली, बॉडीस टेकलेली तार सांपडली.

खोटे साक्षीदार टोळीनेंही येतात. पुष्कळ सेन्सरांस ५ व्होल्टचा पुरवठा सामाईक असतो; त्यांतल्या एकानें तो खालीं ओढला कीं बाकीचेही बरळूं लागतात, आणि पडद्यावर दोषांकांची रांग लागते. अडाणी माणूस अशा वेळीं पांच सेन्सर विकत आणतो. पांच साक्षीदार एकाच दिवशीं एकदम बोलूं लागले तर ते एकाच घरीं जेवले कीं काय, हें आधीं पाहावें!

जुनें यंत्र घेणाऱ्यास मात्र बोलक्यापेक्षां मुका साक्षीदार अधिक घातक. कित्येक यंत्रांच्या स्मृतींत जुने दोषांक किती वेळां व कितव्या तासास उमटले याची नोंद राहते, आणि विकणारा ती पुसूं शकतो. ९,००० तासांच्या यंत्राची पाटी कोरी असावी, हें कांहीं त्याच्या पुण्याईचें लक्षण नव्हे. तेल चांगलें तापेपर्यंत यंत्रास खऱ्या खोदाईवर राबवावें आणि पाटी पुन्हां पाहावी. जें पुसलें होतें तें पुष्कळदां परत उमटतें.

ही नोंद पुरती वाचावयास पुष्कळदां कारखानदाराचा लॅपटॉप व त्याचें सॉफ्टवेअर लागतें, आणि मग आपल्याच यंत्राची जबानी ऐकण्यासाठीं मालकास परक्याच्या दारीं जावें लागतें. ह्याविरुद्ध अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानानें २०२३ त कायदा केला, तोही शेतीच्या यंत्रांपुरता. खोदयंत्रें त्याबाहेरच राहिलीं.

असो. आमच्या विद्यार्थ्याची तार दुरुस्त झाली; इंजिन उतरवावें लागलें नाहीं. १००-४ ची नोंद त्या यंत्राच्या स्मृतींत अद्याप आहे. पुढेंमागें यंत्र विकावयाचें झाल्यास ती पुसूं नये, आणि घासलेल्या तारेचा तुकडा तिच्याबरोबर गिऱ्हाइकास दाखवावा, असें आम्हीं त्यास सुचविलें आहे. तुकडा त्यानें जपून ठेवला आहे. नोंदीविषयीं तो अजून कांहीं बोलला नाहीं.