पट्टा, कड आणि पुंगळी

जुनं यंत्र समजून घेताना मी आधी बघतो, दोन भाग एकमेकांना कुठे टेकतात. सॉफ्टवेअरमध्येही रोज तेच करतो.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं १९१२ साली ०.३७५ इंची मॅग्नम काडतूस आणलं, ते दोन रूपांत. बोल्ट रायफलीसाठी पुंगळीच्या बुडाजवळ पट्टा. दुनळी रायफलीसाठी बुडाला बाहेर आलेली कड. मॅगझिनमध्ये एकावर एक बसलेल्या काडतुसांच्या कडा एकमेकींत अडकतात. उलट, मोडून उघडणाऱ्या दुनळीत पुंगळी बाहेर ओढायला कडच सोयीची. काडतूस चेंबरमध्ये किती आत जावं, हेही एकीकडे पट्टा ठरवतो, दुसरीकडे कड.

पुढे कडेच्या पुंगळ्या मिळणं अवघड झालं, तेव्हा हौशी कारागिरांनी पट्ट्याच्या पुंगळ्या बदलून वापरायचं ठरवलं. पितळ तेच, लांबीही जवळपास तीच. पण कड नसेल तर कडेच्या चेंबरमध्ये पुंगळीला मागून नीट आधार राहत नाही. बार उडताना ती ताणली जाते, फाटूही शकते आणि तप्त वायू मागे येतो.

कड घडवली, तरी एक गोष्ट उरतेच. दुनळीचा सांधा बोल्टाइतका ताण सोसत नाही, म्हणून कडेचं काडतूस मुळातच कमी दाबाचं भरलं जाई. ही मर्यादा पुंगळीच्या आकारात दिसत नाही. आकार जुळला म्हणून पट्ट्याच्या काडतुसाइतकी दारू भरली, तर धोका शंभर वर्षं जुन्या रायफलीला आणि तिच्यामागे गाल टेकवून उभ्या असलेल्या माणसाला असतो.