आपत्तीनंतरचे मृत आणि बेपत्ता : घाईपेक्षा नोंद महत्त्वाची

विशेष प्रतिनिधी

कर्जत (जि. अहिल्यानगर) : दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कर्जत तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा वाहते. अष्टविनायकांपैकी सिद्धटेक हे क्षेत्र याच काठावर आहे. पुढे नदी उजनी धरणाच्या फुगवट्यात मिसळते. शेजारच्या करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट २१ मे २०२४ रोजी सायंकाळी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून बाहेर आला. सहा जण बुडाले. त्यांचे मृतदेह हाती लागू लागले ते २३ मे रोजी. तोवर काठावर बसलेल्या नातेवाइकांच्या लेखी ते मृत नव्हते, बेपत्ता होते.

आपत्तीतील बचावकार्याची चर्चा पुष्कळ होते. मृतांची ओळख पटविणे, बेपत्तांचा छडा लावणे आणि कुटुंबाला मृत्यूचा कायदेशीर दाखला मिळवून देणे या कामाकडे मात्र शेवटचा सोपस्कार म्हणून पाहिले जाते. वास्तविक मागे राहिलेल्यांचे पुढील आयुष्य याच कामावर अवलंबून असते.

रोगराईचा गैरसमज

मृतदेहांमुळे साथ पसरते, म्हणून ते तातडीने नष्ट केले पाहिजेत, हा समज सर्वत्र आढळतो. जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समिती आदी संस्थांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेने तो खोडून काढला आहे. भूकंप, पूर वा दरडीत दगावणारी माणसे इजा होऊन, बुडून किंवा गुदमरून मरतात. साथीच्या रोगाने नव्हे. मृतदेह हाताळणाऱ्यांनी हातमोजे व बूट वापरणे आणि साबणाने हात धुणे आवश्यक असते. मृतदेहांवर चुन्याची भुकटी टाकल्याने काही साधत नाही. पिण्याच्या पाण्यात मृतदेह राहू न देण्याची दक्षता मात्र घ्यावी लागते.

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ऑगस्ट २०१० मध्ये या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ओळख पटण्यापूर्वी सामूहिक विल्हेवाट लावू नये, हे या साऱ्याचे सार आहे.

किल्लारीपासून पुथुमलापर्यंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी अनेक ठिकाणी सामूहिक चिता रचाव्या लागल्या. परिस्थितीच तशी होती. परंतु अग्नी दिल्यानंतर ओळख पटविण्याची दुसरी संधी उरत नाही.

केरळमधील वायनाड जिल्ह्यात ३० जुलै २०२४ रोजी दरडी कोसळल्या, तेव्हा वेगळा मार्ग अवलंबिण्यात आला. ओळख न पटलेले मृतदेह व अवशेष यांचे डीएनए नमुने घेऊन पुथुमला येथे त्यांचे दफन करण्यात आले आणि प्रत्येक ठिकाणी क्रमांक लावण्यात आला. पुढे नमुने जुळले तशी क्रमांकांच्या जागी नावे आली. दहनाची परंपरा असलेल्या कुटुंबांना दफन रुचत नाही, हे खरे. तथापि ते तात्पुरते असून ओळख पटल्यावर अवशेष परत मिळू शकतात, हे समजावून सांगितल्यास विरोध मावळतो.

ओळख कशी पटवितात?

मृतदेह मिळाल्याबरोबर त्याला स्वतंत्र क्रमांक देणे ही पहिली पायरी. पाण्याने न पुसणारी चिठ्ठी देहाला आणि तोच क्रमांक असलेली दुसरी चिठ्ठी पिशवीला बांधतात. सापडल्याची जागा, तारीख व वेळ नोंदवितात. त्यानंतर संपूर्ण देह, चेहरा, कपडे, दागिने, गोंदण आणि जखमेच्या खुणा यांची छायाचित्रे क्रमांकासह घेतात. उष्ण हवामानात १२ ते ४८ तासांत चेहरा ओळखण्यापलीकडे जातो. म्हणून या कामात दिरंगाई परवडत नाही. मृतदेह २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवणे उत्तम. ती सोय नसल्यास तात्पुरते दफन हाच पर्याय उरतो.

बोटांचे ठसे, दातांची नोंद आणि डीएनए ही ओळखीची प्रमुख शास्त्रीय साधने होत. केवळ चेहरा पाहून केलेली ओळख दुःखाच्या आणि घाईच्या क्षणी चुकू शकते. एक चूक दोन कुटुंबांना भोवते : एकाला परका देह मिळतो, दुसऱ्याला काहीच मिळत नाही. अहमदाबाद येथे १२ जून २०२५ रोजी झालेल्या विमान दुर्घटनेत बहुतांश मृतदेह जळाल्याने नातेवाइकांचे रक्तनमुने घेऊन डीएनए जुळवावे लागले.

मृतदेह सापडतो तेथेच मृत्यू झालेला असतो असेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील पूल कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. त्यातील काही मृतदेह दूरवर समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. अशा वेळी नोंदी जिल्ह्याच्या सीमा ओलांडून एकत्र याव्या लागतात. पत्ता अपुरा असेल तर घोटाळा अटळ असतो. कर्जत नावाची तालुक्याची दोन ठिकाणे राज्यात आहेत, एक अहिल्यानगर जिल्ह्यात आणि दुसरे रायगड जिल्ह्यात. यादीत नुसते ‘रा. कर्जत’ लिहिले तर शोध भलत्याच दिशेने जाऊ शकतो.

बेपत्तांचे काय?

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. महाड तालुक्यातील तळिये येथेही २०२१ मध्ये अनेक जण ढिगाऱ्याखालीच राहिले. शोध किती काळ चालू ठेवावा, हा निर्णय कठीण असतो. पथकांचा जीवही पणाला लागलेला असतो. याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्या तरुणाचा शोध घेताना २३ मे २०२४ रोजी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून दलाच्या तिघांना प्राण गमवावे लागले.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १११ नुसार सात वर्षे ठावठिकाणा न लागलेली व्यक्ती मृत असल्याचे गृहीत धरता येते. पूर्वीच्या पुरावा कायद्यातील कलम १०८ मध्ये हीच तरतूद होती. आपत्तीग्रस्त कुटुंबाने सात वर्षे थांबायचे म्हणजे बँक खाते, विमा, सातबाऱ्यावरील वारस नोंद आणि विधवेचे निवृत्तिवेतन, सारेच अडून राहते. आपत्तीतील मृताच्या वारसांसाठी २०१५ मध्ये ४ लाख रुपये इतके निश्चित करण्यात आलेले साहाय्यही मृत्यूच्या प्रमाणपत्रावरच अवलंबून असते. म्हणून २०१३ च्या उत्तराखंड प्रलयानंतर चौकशी करून आणि हरकती मागवून बेपत्तांच्या मृत्यूची नोंद करण्याची विशेष पद्धत अवलंबिण्यात आली.

नातेवाइकांनी काय करावे?

* बेपत्ता व्यक्तीची तक्रार पोलीस ठाण्यात नोंदवून तिची प्रत घ्यावी. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाशी १०७७ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.
* संपूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, उंची, गोंदण, जुन्या शस्त्रक्रियेची खूण आणि शेवटचे कपडे यांची माहिती लेखी द्यावी. दात दिसतील असे हसरे छायाचित्र उपयोगी पडते.
* डीएनएसाठी आई, वडील किंवा अपत्यांनी नमुना द्यावा. व्यक्तीचा कंगवा व दात घासण्याचा ब्रश न धुता जपून ठेवावा.
* मृतदेह ताब्यात घेताना चिठ्ठीवरील क्रमांक आणि कागदपत्रांवरील क्रमांक एकच असल्याची खात्री करावी. मरणोत्तर पंचनामा व शवविच्छेदन अहवालाच्या प्रती मागाव्यात.
* मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी.

गावपातळीवर या कामासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. चिठ्ठ्या, न पुसणारी शाई, छायाचित्रे घेणारा मोबाइल आणि एक नोंदवही एवढे साहित्य पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नदीकाठच्या ग्रामपंचायतीत तयार ठेवता येते. मात्र ते कोणाच्या ताब्यात राहील आणि नोंद कोण करील, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.