मेट्रनबाई : नगरच्या अनाथगृहांतील एक पद



संस्थांचा इतिहास सांगण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. संस्थापकाचे चरित्र, देणगीदारांची यादी आणि कोनशिलेवरील तारीख एवढे झाले की इतिहास पुरा झाला असे आपण समजतो. शाळेपुरते ते चालेलही, कारण शाळा पाचला सुटते. पण जेथे मुले राहतात तेथे खरे काम पाचनंतर सुरू होते. रात्री तापाने फणफणलेल्या पोराच्या उशाशी कोण बसले, हे कोनशिला सांगत नाही. आज त्या बसणारीविषयी, म्हणजे मेट्रनबाईविषयी, बोलावयाचे आहे.

आपला नगर जिल्हा, आजचा अहिल्यानगर, हा अवर्षणाचा मुलूख. १८९६-९७ च्या दुष्काळातून तो सावरतो न सावरतो तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. मायबाप मेलेली, अगर पोटाच्या मागे दूर गेलेल्या मायबापांची चुकलेली मुले रस्त्यावर दिसू लागली. अमेरिकन मराठी मिशन नगरास १८३१ पासून होते. त्याच्या शाळा होत्या, वसतिगृहे होती. नगरास रेव्हरंड रॉबर्ट ह्यूम, राहुरीस डॉक्टर बॅलंटाइन, वडाळ्यास फेअरबँक ही मंडळी मदतीच्या कामाला लागली. अमेरिकेतून पैसा आला. ह्यूमसाहेबांना सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. या मुलांचे धर्मांतर होते अशी टीका त्या वेळी झाली, आणि तिच्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या चुली या पोरांसाठी पेटविल्या, हेही विचारले पाहिजे. पंढरपुरास प्रार्थनासमाजाचे अनाथगृह १८७५ पासून चालू होते. पण अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याजोगीच.

पैसा आला, छप्पर मिळाले, मुले आत आली. आता पुढे काय? उपासाने आतडी वाळलेल्या पोरापुढे एकदम भाकरी ठेवली तर ते दगावते. आधी पातळ पेज, मग थोडा थोडा भात. डोळे आलेले, अंगाला खरूज, केसांत उवा. भुकेतून आलेले पोर पोट भरल्यावरही उद्याची भाकरी अंथरुणाखाली लपविते. तिला चोरी म्हणून छडी मारावयाची की न पाहिल्यासारखे करावयाचे, हे घटनेत लिहिलेले नसते. ते मेट्रनबाईने उभ्या उभ्या ठरवावयाचे. आणि गंमत अशी की अधिकार म्हणाल तर तिच्याकडे जवळजवळ नाही. मूल घ्यावे की नाही हे सुपरिंटेंडेंट ठरविणार, दूध किती घ्यावे हे हिशेबनीस ठरविणार. कोठीच्या किल्ल्या मात्र तिच्या कमरेला, आणि काही बिघडले तर बोल तिलाच.

अशा जागी बाई येई कोठून? पुष्कळदा जिला स्वतःलाच आसरा हवा असे, ती येई. पुण्याच्या बाजूचे उदाहरण घ्या. अण्णा कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा त्यात राबलेल्या पार्वतीबाई आठवले या ऐन तरुणपणी विधवा झालेल्या, अण्णांच्या मेहुणी. आधार शोधीत आलेल्या बाईनेच दुसऱ्यांना आधार द्यावा, असा हा व्यवहार होता. तो स्वस्त पडे, हेही त्याचे एक कारण आहे. उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

नगरशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याच मार्गाची. शाळेचे शिक्षण नाही. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा काही वर्षे त्यांची ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे परतल्या. नगरच्या त्यांच्या घरात परकी मुले वाढली. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात बालकवी ठरलेला ठोंबऱ्यांचा त्र्यंबकही त्यानंतर याच घरात राहून गेला. तेव्हा मेट्रनचे काम लक्ष्मीबाई पगाराशिवाय पुष्कळ आधीपासून करीत होत्या. मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि पन्नाशी उलटलेल्या लक्ष्मीबाईंनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली. ती त्यागासाठी नव्हे, पोटासाठी. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट या पदाचे खरे रूप येथेच दिसते. पैशाची ओढाताण संपली नाही, आणि पुढे त्या कुटुंबासह कराचीस गेल्या. 'स्मृतिचित्रे'चे भाग १९३४ ते १९३६ या काळात निघाले. ज्या बाईने स्वतः किल्ल्या सांभाळल्या तिनेच लेखणी धरली, हा योग आपल्याकडे फार विरळा.

त्यानंतर कायदे आले. १९२४ चा मुंबईचा मुलांचा कायदा, आणि अलीकडचा २०१५ चा बाल न्याय अधिनियम. २०१६ च्या आदर्श नियमांत बालगृहाच्या कर्मचाऱ्यांत 'गृहमाता' व 'गृहपिता' ही पदे आहेत. नगरातच १९८९ पासून 'स्नेहालय' उभे राहिले आहे; लालबत्ती वस्तीतील मुलांपासून त्याच्या कामाला आरंभ झाला. दूध किती लागेल, हे आता नियमच सांगतात. अंथरुणाखालची भाकरी सापडली म्हणजे काय करावे, ते अजून गृहमातेलाच ठरवावे लागते, आणि तेही बहुधा रात्री, साहेब घरी गेल्यानंतर.