नेमाचा इतिहास

वाचकहो, वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी 'पूल' नावाचा खेळ शिकावयास लागलो, असे सांगितले तर फराळाबरोबर तुम्हांस करमणुकीचा आणखी एक विषय मिळेल, हे मी जाणून आहे. आमच्या घरी तो मिळालेलाच आहे. सौभाग्यवतींनी "आता पाटाला चाके लावून फिरा म्हणजे झाले!" असा आशीर्वादही देऊन टाकला. पण मी आयुष्यभर इतिहास शिकविला. कोणतीही गोष्ट हाती घेतली की ती आली कोठून, हे पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. या खेळाच्या मागे मागे जाताना मी जेथे पोहोचलो, ते ठिकाण माझ्या स्वतःच्या घरातच होते. म्हणून हा लेख.

सुरुवात झाली ती मुरबाडास. माझी मुलगी तेथे दिलेली आहे. तिच्या घराजवळच्या एका गाळ्यात कोणी उत्साही तरुणाने दोन वर्षांपूर्वी पूलचे टेबल आणून ठेवले. हिरवे कापड, सहा पॉकेटे, पंधरा रंगीत चेंडू आणि एक पांढरा. माझा नातू तेथे नियमाने जाऊ लागला. एका रविवारी मी शहापुराहून किन्हवली-सरळगाव मार्गे मुरबाडास गेलो तेव्हा नातू जेवणाचे ताट पुढे ठेवून मोबाईलमध्ये डोळे घालून बसला होता. मी रागावणार तोच तो म्हणाला, "आजोबा, अभ्यासच चाललाय. नेमाचा."

खरोखरच तो नेमाचा अभ्यास होता. एक अमेरिकन गृहस्थ टेबलाशी उभा राहून, पांढरा चेंडू कोठे मारला असता रंगीत चेंडू कोणत्या पॉकेटात जाईल, हे रेघा मारून समजावीत होता. अशा चित्रफिती शेकड्यांनी आहेत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातले यांत्रिकीचे प्राध्यापक डॉ. डेव्हिड अल्सियाटोर यांनी तर या खेळाच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि चित्रफितींचा ढीग रचला. मी चष्मा पुसून नातवाशेजारी बसलो. झाले! त्या दिवसापासून आम्ही दोघे एकाच वर्गात आहोत.

आता नेमाचे गणित थोडक्यात सांगतो. ताटातले दोन सारख्या आकाराचे बेसनाचे लाडू घ्या. एक लाडू पांढरा चेंडू समजा, दुसरा रंगीत. पहिला लाडू सरळ दुसऱ्याच्या मध्यावर नेला तर दुसरा सरळ पुढे जाईल. आता पहिल्याचा मध्य दुसऱ्याच्या बरोबर कडेच्या रोखाने न्या. टक्कर होईल तेव्हा दोघांच्या मध्यांतले अंतर एका लाडवाच्या व्यासाइतके असेल आणि बाजूचे सरकणे अर्ध्या व्यासाइतके. ज्याने शाळेत त्रिकोणमिती केली आहे त्याच्या लगेच ध्यानात येईल की येथे दुसरा लाडू ३० अंशांच्या कोनात जाणार. यास 'अर्धा चेंडू' म्हणतात. पाऊण चेंडू झाकला तर कोन सुमारे साडेचौदा अंश, पाव झाकला तर ४८ अंशांच्या थोडा वर. एवढे चार कोन डोळ्यांत बसले की पुष्कळसे फटके त्यांच्या आसपास येतात. हा झाला अपूर्णांकांचा मार्ग.

दुसऱ्या एका पद्धतीत पांढऱ्याच्या मध्यापासून रंगीताच्या कडेपर्यंत रेघ कल्पावयाची, मग क्यू जरासा फिरवून पुन्हा मध्यावर आणावयाचा. या पद्धतीवरून तिकडे खेळाडूंत जे वाद होतात ते आपल्याकडील पंचांगवादांची आठवण करून देतात. तिसरा मार्ग सर्वांत जुना आणि साधा. रंगीत चेंडू पॉकेटात जाण्यासाठी टक्करीच्या क्षणी पांढरा चेंडू जेथे असावयास हवा, तेथे एक न दिसणारा चेंडू आहे असे मानावयाचे आणि त्या रिकाम्या जागेवर नेम धरावयाचा. तिकडे त्यास 'भुताचा चेंडू' म्हणतात.

तो भुताचा चेंडू ठिपक्यांच्या वर्तुळाने पडद्यावर उमटला, आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला. हे मी पूर्वी ऐकले होते. इंग्रजीत नव्हे, मराठीत. आणि पासष्ट वर्षांपूर्वी.

त्याकडे वळण्याआधी या खेळाची वंशावळ पाहू. बिलियर्ड्स मुळात हिरवळीवर खेळत. पंधराव्या शतकात फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या वाड्यात तो टेबलावर आला. हिरवे कापड ही त्या गवताची आठवण. आरंभी चेंडू दांड्याच्या जाड टोकाने ढकलीत. चेंडू कडेला टेकला की ते जाड टोक अडे, म्हणून खेळाडू दांडा उलटा धरून शेपटीने मारू लागले. फ्रेंच भाषेत शेपटीला जो शब्द, तोच आजचा 'क्यू'. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिंगो नावाच्या फ्रेंच कप्तानाने क्यूच्या टोकास चामड्याची टोपी बसविली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देता येऊ लागली. १८३५ साली कोरिऑलिस या गणितज्ञाने बिलियर्ड्सच्या चेंडूंवर सबंध ग्रंथ लिहिला. वाऱ्याचे वळणे ज्याच्या नावाने आज शाळेत शिकवितात, तोच हा कोरिऑलिस. चेंडू तेव्हा हस्तिदंताचे असत. न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याने १८६३ साली हस्तिदंतास पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस लावले, आणि त्या खटपटीतून सेल्युलॉइड पुढे आले. आपल्या घरातल्या प्लॅस्टिकच्या बादलीचे गोत्र असे बिलियर्ड्सच्या टेबलाशी जाऊन भिडते!

आणि याच खेळाच्या एका शाखेचा जन्म आपल्या देशात झाला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत पावसाने कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांत नेव्हिल चेंबरलेन नावाचा तरुण होता. पुढे पंतप्रधान झाला तो हा नव्हे. त्याने टेबलावर आणखी रंगीत चेंडू मांडून नवा खेळ रचला. लष्करी शाळेतल्या नवशिक्या पोरांना तेव्हा 'स्नूकर' म्हणत. एका सोबत्याचा सोपा फटका चुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला तोच शब्द फेकून मारला आणि खेळाला नाव मिळाले. पुढे उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. पंधरा तांबडे, सहा इतर रंगांचे आणि एक पांढरा, असे बावीस चेंडू.

पण या इतिहासात एक माणूस कोठेच दिसत नाही. टेबलाला ब्रश कोण मारी? कापडावर इस्त्री कोण फिरवी? पॉकेटातून चेंडू काढून जागेवर कोण ठेवी, गुणांच्या फळीवरचा काटा कोण सरकवी, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी कोण खेळे? त्या माणसाला 'मार्कर' म्हणत. मुंबईच्या एका जिमखान्यात माझे वडील तीस वर्षांहून अधिक काळ मार्कर होते.

शहापूर-मुरबाडचा आणि मुंबईचा संबंध तुम्हांस ठाऊक असेल. १८९२ साली शहापूर तालुक्यात तानसाचे धरण झाले आणि आमचे पाणी नळाने मुंबईस जाऊ लागले. पुढे वैतरणा आणि भातसाही त्याच वाटेने गेल्या. उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन उभ्या, आणि पाणी मुंबईच्या तोटीला. पाण्यामागून माणसेही गेली. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी घरकामास. म्हशाजवळच्या आमच्या गावातून १९३९ च्या सुमारास आबा गेले ते जिमखान्यात पोऱ्या म्हणून लागले आणि काही वर्षांत मार्कर झाले.

आबा वर्षातून दोनदा घरी येत : गणपतीला आणि पौषी पौर्णिमेस म्हशाच्या जत्रेला. १९५८ साली कलकत्त्यास विल्सन जोन्स जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकले. पुण्यास १९२२ साली जन्मलेला हा खेळाडू स्वतंत्र भारताचा पहिला जगज्जेता. त्यानंतरच्या जत्रेस आबा आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. मी सहा वर्षांचाही नव्हतो. बैलांच्या बाजारात, घोंगड्यांच्या दुकानांपुढे, भेटेल त्याला पेढा देऊन आबा सांगत होते, "आपला माणूस जगात पहिला आला." लोक पेढा घेत आणि कोणता खेळ म्हणून विचारीत. आबा समजावीत. कोणास काही कळत नसे.

त्याच मुक्कामात आबांनी मला कॅरम शिकविला. मी सोंगटीकडे पाहून मारीत असे आणि सोंगटी भलतीकडे जाई. आबा म्हणाले, "पोरा, सोंगटी कशाला बघतोस? ती कुठे पळून जात नाही. स्ट्रायकर तिला जिथं टेकेल ती रिकामी जागा बघ. तिथं एक स्ट्रायकर आधीच ठेवलाय असं समज, आणि तुझा त्याच्यावर बसव." आणि दुसरे एक वाक्य : "हळू मारशील तर जरा बारीक मार."

हा भुताचा चेंडू! आणि दुसऱ्या वाक्याचा उलगडा मला गेल्या वर्षी चित्रफितीतून झाला. दोन चेंडू घासले जातात तेव्हा रंगीत चेंडू घर्षणाने दोनचार अंश पांढऱ्याच्या दिशेने ओढला जातो. फटका संथ असेल तर ही ओढ जास्त. म्हणून संथ फटक्यात चेंडू थोडा अधिक कडेला घ्यावयाचा. आबांनी कोरिऑलिस वाचला नव्हता. ते चौथीपर्यंत शिकले होते. त्यांनी तीस वर्षे टेबल पाहिले होते.

मी आणखी एक गणित करून पाहिले. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा असतो. एक सुमारे ४.१ सेंटिमीटर, दुसरी सुमारे ३.२. म्हणून स्ट्रायकरचा मध्य सोंगटीच्या कडेवर रोखला तर कोन ३० अंशांचा येत नाही, सुमारे २६ येतो. अपूर्णांकांचा पाढा तेथे बदलावा लागतो. रिकाम्या जागेचा नियम मात्र दोन्हीकडे तसाच चालतो. मुलाला शिकविण्यासाठी आबांनी नेमका तोच निवडला होता.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. शाळेत नाव घालताना वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात मास्तरांनी 'मार्कर' लिहिले. पोरांनी अर्थ विचारला, तर मी 'क्लबात हिशेब लिहितात' असे सांगितले. हिशेब म्हणजे गुणांचा, हे सांगितले नाही. बिलियर्ड्स म्हणजे साहेबांचा आणि उडाणटप्पूंचा खेळ, अशी तेव्हा समजूत. पुढे मी शिक्षक झालो. आबा निवृत्त होऊन गावी आले, अकरा वर्षे ओटीवर बसून राहिले. मी वर्गात पानिपतचे सेनापती मोजीत होतो. पण ज्याने जिमखान्यातला एक सबंध काळ टेबलाशेजारी उभे राहून पाहिला, त्या माणसाला मी एक प्रश्न विचारला नाही. ते कोणाशी खेळले? कोणास मुद्दाम जिंकू दिले? एकदाच ते आपण होऊन बोलले होते : "सभासद नसले तेव्हाच टेबल आपलं. सकाळी ब्रश मारायच्या आधी अर्धा तास." स्पर्धेच्या यादीत मार्करचे नाव घालण्याची त्या जिमखान्यात रीत नव्हती.

जोन्स १९६४ साली न्यूझीलंडमध्ये पुन्हा जिंकले. १९६५ मध्ये पद्मश्री, १९९६ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार, आणि २००३ साली ते गेले. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७ मध्ये जगज्जेते झाले. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणी यांच्या जागतिक विजेतेपदांची संख्या पंचविसावर गेली आहे. या सर्वांचा इतिहास लिहिला गेला, आणि लिहिला जावयासच हवा. टेबलावर इस्त्री फिरविणाऱ्यांचा कोणी लिहिला नाही. मी तर घरात राहून लिहिला नाही.

चित्रफितींनी आम्हांस नेम दिला काय, असे विचाराल तर थोडा दिला. त्या रेघ दाखवितात. हात सरळ चालविणे आपणच शिकावे लागते. नातवाने दोन महिन्यांत तीन पद्धती बदलल्या आणि तिन्हींत सारखेच चुकला. मग मी त्यास आबांचे वाक्य सांगितले आणि एकच फटका रोज पन्नासदा मारावयास लावला. पंधरा दिवसांनी पन्नासांतले तीस जाऊ लागले. माझे बारा जातात. बहात्तराव्या वर्षी बारा पुष्कळ झाले.

यंदा पाडव्याच्या दुपारी मुरबाडच्या त्या गाळ्यात शहापूरच्या आणि मुरबाडच्या पोरांचा सामना ठरला आहे. गुण कोण लिहिणार यावरून वाद झाला. दोन्हीकडच्यांस एकमेकांचा भरवसा नाही. नातू म्हणाला, "आजोबांना उभे करू. ते दोन्हीकडचे." मी होकार दिला. सामन्याआधी अर्धा तास ये, ब्रश मीच मारणार आहे, असेही त्यास सांगून ठेवले आहे.