तांडेलावाचून नौका

घोडागाडी भाड्याने घेतली म्हणजे गाडीवान तिच्याबरोबर यावयाचाच, हा जुन्या काळचा साधा रिवाज होता. नौकेच्या बाबतीत तर त्याविषयी कोणास शंकाच नसे. कोकणकिनाऱ्यावर ज्याला तांडेल म्हणतात, तो वारा, भरती-ओहोटी आणि खडक ओळखणारा मनुष्य सुकाणूजवळ बसल्यावाचून नावेचा धनी आपली नाव परक्याच्या हाती देत नसे. असे असता, समुद्राशी रोजचा संबंध नसलेल्या एखाद्या शहरी कुटुंबाने आठवड्याचे भाडे भरून शिडाची नौका ताब्यात घ्यावी, आईबापांनी आळीपाळीने सुकाणू धरावे, मुलांनी दोर ओढावेत आणि तांडेल म्हणून कोणीही बरोबर नसावे, ही प्रथा रूढ झाली तरी कशी? तिचा इतिहास जवळजवळ दीडशे वर्षांचा असून, तिची पाळेमुळे शोधू जाता आपण इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात जाऊन पोहोचतो.

या परगण्यात ब्रॉड्स या नावाने ओळखली जाणारी उथळ सरोवरे आहेत. ब्यूअर, ॲन्ट, थर्न, येअर, वेव्हनी अशा संथ नद्यांनी ती एकमेकांस जोडली गेली आहेत. ही सरोवरे निसर्गनिर्मित असावीत असा पूर्वी समज होता. परंतु १९५० नंतरच्या दशकात डॉ. जॉइस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सिद्ध केले की, मध्ययुगात जळणासाठी खणलेल्या पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या, या खाणी होत. पुढे पाण्याची पातळी चढली आणि त्या बुडाल्या. नद्या व सरोवरे मिळून सुमारे २०० किलोमीटरचा जलमार्ग येथे आहे आणि वाटेत पाणी अडविणारा एकही दरवाजा नाही. उथळ पाणी, जवळ काठ आणि सपाट मुलखावरून मोकळा वाहणारा वारा, अशी नवशिक्याला सोयीची जागा सहसा सापडावयाची नाही.

या पाण्यावर शतकानुशतके व्हेरी नावाच्या मालवाहू नौका चालत. एकच मोठे काळे शीड आणि पूल येताच आडवी पाडता येणारी डोलकाठी, ही त्यांची खूण होय. १८४४ मध्ये नॉरिच ते यार्मथ लोहमार्ग सुरू झाला आणि १८७४ मध्ये आगगाडी नॉरिचहून रॉक्सहॅम येथे ब्यूअर नदीच्या काठी येऊन थांबू लागली. आगगाडीने व्हेरींचा माल हिरावून नेला खरा, पण त्याच आगगाडीने शहरांतील सुट्टीकरी मंडळी नदीकाठी आणून सोडली. कित्येक मालकांनी मग व्हेरींमध्ये निजण्याबसण्याच्या खोल्या बांधल्या. काहींवर पियानोदेखील असे. मात्र या नौकांबरोबर खलाशी येत. भाडे देणारे कुटुंब हे पाहुणेच असे.

नॉरिचचा सुतार जॉन लॉइन्स याने १८८० च्या सुमारास लहान शिडाच्या नौका भाड्याने देण्यास आरंभ केला आणि पुढे आपला कारखाना रॉक्सहॅमला हलविला. ब्रॉड्सवरील भाड्याच्या नौकांचा आद्य प्रवर्तक म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. १८८२ मध्ये जी. ख्रिस्तोफर डेव्हीस यांनी या नद्या-सरोवरांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अशा पुस्तकाचे महत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे. वळण कोठे आहे, पूल कोणता, मुक्काम कोठे करावा, हे ज्ञान तोवर तांडेलाच्या डोक्यात असे. ते आता कोणीही खिशात घालून नेऊ शकत होता. १९०८ मध्ये हॅरी ब्लेक यांनी निरनिराळ्या मालकांच्या नौका एकत्र करून त्यांची यादी छापण्याची पद्धत सुरू केली. तेव्हापासून लंडनच्या घरात बसून यादीतून नौका निवडावी, टपालाने पैसे पाठवावे आणि ठरल्या दिवशी आगगाडीने येऊन ती ताब्यात घ्यावी, असा क्रम पडला.

तथापि मालकाच्या मनातील भीती अशा यादीने नाहीशी होणारी नव्हती. ज्याचे नावही कालपर्यंत ठाऊक नव्हते, त्याच्या हाती आपले भांडवल सोपवावयाचे, ही काही लहान गोष्ट नव्हे. कायद्याच्या दृष्टीनेही हा व्यवहार निराळा आहे. माणसांशिवाय नुसते जहाज भाड्याने घेणे याला नाविक व्यवहारात बेअरबोट म्हणतात. त्यात जहाजाचा ताबा आणि ते चालविण्याचा अधिकार मुदतीपुरता भाडेकऱ्याकडे जातो, आणि अधिकाराबरोबर जबाबदारीही जाते. व्यापारी जहाजाचा भाडेकरी निदान आपला कप्तान नेमतो. सुट्टीवर आलेल्या कुटुंबात मात्र कप्तानही घरचाच आणि प्रवासीही घरचेच! चूक झाल्यास जी माणसे धोक्यात पडावयाची ती त्याची स्वतःची मुलेबाळे असतात.

ब्रॉड्सवरही धोक्याच्या जागा आहेतच. पॉटर हायम येथील मध्ययुगीन दगडी पुलाची कमान इतकी ठेंगणी आहे की, डोलकाठी उतरविल्यावाचून तीखालून जाताच येत नाही. यंत्राच्या भाडोत्री बोटींना तर तेथे माहितगार वाटाड्या घ्यावा लागतो. याहून कठीण जागा ग्रेट यार्मथजवळ ब्रेडन वॉटर येथे आहे. तेथे भरती-ओहोटीचा जोर मोठा असतो. उत्तरेकडील नद्यांतून दक्षिणेकडील नद्यांत जाणाऱ्याने ओहोटी संपून पाणी स्थिर होण्याची वेळ साधावी लागते. ती चुकली तर प्रवाह नौकेला पुलाकडे ओढतो. किंवा खुणेचे खांब सोडून नौका भलतीकडे गेली तर चिखलात रुतून बसते आणि पुढची भरती येईपर्यंत जागची हलत नाही.

आर्थर रॅन्सम यांच्या १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कूट क्लब’ या बालकादंबरीत नेमका हाच प्रसंग योजिला आहे. भाड्याने घेतलेल्या नौकेवर एक वृद्ध बाई आहेत. नौका चालविणारा त्यांचा भाऊ कामासाठी निघून गेला आहे, आणि ती उणीव मुले भरून काढतात. हीच नौका पुढे ब्रेडनच्या चिखलात अडकते. रॅन्सम स्वतः या पाण्यावर भाड्याच्या नौका घेऊन हिंडले होते. शिडाची नौका मुलांनाही सांभाळता येते, पण पाण्याचे नियम मोडून नव्हे, ही गोष्ट त्यांनी मुलांना रुचेल अशा रीतीने सांगितली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या प्रथेने महासागर ओलांडला. तोवर नौका लाकडाच्या आणि प्रत्येकीचा स्वभाव निराळा. ती तिच्या नेहमीच्या माणसालाच वश असावयाची. १९५९ मध्ये अमेरिकेत पीअरसन चुलतभावांनी काचतंतूंची ट्रायटन ही नौका बाजारात आणली आणि एकाच साच्यातून हुबेहूब सारख्या नौका निघू लागल्या. एक चालविता आली की दुसरीही येते, एकीचा भाग दुसरीला बसतो, हा लाभ भाड्याच्या धंद्याला फार मोलाचा ठरला. १९६९ मध्ये चार्ली आणि जिनी केरी या दांपत्याने ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील टॉर्टोला येथे ‘द मूरिंग्ज’ ही कंपनी स्थापन केली, ती पीअरसन जातीच्या सहा नौका घेऊन.

त्यांनी जागाही विचारपूर्वक निवडली होती. टॉर्टोलासमोर बेटांची रांग असून मध्ये ड्रेकची खाडी आहे. वारा वर्षातील बहुतेक दिवस पूर्वेकडून एकसारखा वाहतो, भरती-ओहोटीचा फरक थोडा असतो आणि एका बेटावरून पुढचे बेट डोळ्यांनी दिसते. ब्रॉड्समध्ये जे काम नदीकाठाने केले ते येथे बेटांच्या रांगेने केले. या धंद्यात काही नियमही रूढ झाले. निघण्यापूर्वी कंपनीचा मनुष्य नौका फिरवून दाखवितो, नकाशावर धोक्याच्या जागा सांगतो आणि भाडेकऱ्याची परीक्षा पाहतो. रात्री नौका चालविण्यास बहुधा बंदी असते. अनेगाडा हे बेट समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ-नऊ मीटर उंच, भोवती प्रवाळाचे खडक. दुरून ते दिसतच नाही. तेथे जाण्यास पुष्कळ कंपन्या मनाई करीत असत.

ज्यांचा हात अजून बसलेला नव्हता अशांसाठी ग्रीसच्या किनाऱ्यावर १९७० नंतरच्या दशकात आणखी एक युक्ती निघाली. दहा-बारा कुटुंबांनी आपापली नौका चालवावी, पण एका जाणत्या नौकेच्या मागोमाग जावे. तांडेल नौकेवरून उतरला. मात्र तो हाकेच्या अंतरावर राहिला. १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाने नौकाचालनाच्या पात्रतेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र ठरवून दिले, आणि भूमध्य समुद्रावरील कित्येक बंदरांत अशा कागदावाचून नौका मिळेनाशी झाली.

या साऱ्या व्यवस्थेची मर्यादा निसर्गाने एकदा स्पष्ट दाखविली. ६ सप्टेंबर २०१७ रोजी अर्मा नावाचे भयंकर वादळ व्हर्जिन बेटांवर आदळले. वादळात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या खाडीत बांधून ठेवलेल्या नौकाही एकमेकींवर चढून फुटल्या. तेथे ना नियम कामी आले, ना जाणते हात. पुढे बेटे सावरली आणि कुटुंबे पुन्हा येऊ लागली.

नॉरफोकमध्ये लडम गावी १९३२ मध्ये हंटर कुटुंबाने स्थापिलेल्या आवारातून लाकडी शिडाच्या नौका आजही भाड्याने मिळतात. त्यांना यंत्र नाही. वारा पडला तर लांब वेळूसारखा दांडा तळाशी रोवून नौका पुढे ढकलावी लागते. मुले काठाकडे बघत राहतात, बाप दांडा ओढून पुन्हा रोवतो आणि संध्याकाळच्या आत मुक्काम गाठण्याचा हिशेब मनात करतो. दीडशे वर्षांत मार्गदर्शिका, साचे, नियम आणि प्रमाणपत्रे आली, ती सर्व तांडेलाची उणीव भरून काढण्यासाठी. त्यांनी त्याचे पुष्कळसे ज्ञान वाटून दिले. पण पाणी कधी स्थिर होईल ते ओळखून वेळीच थांबणे, हे त्याचे शेवटचे काम अद्याप कोणत्याही कागदाने पत्करलेले नाही. नौका ताब्यात घेणाऱ्या गृहस्थाला ते स्वतःच करावे लागते.